गाणी नाहीत, मग तो माणूस करतो काय?

२०२५च्या जुलैमध्ये नितेश तिवारी यांच्या ‘रामायण’ची पहिली झलक आली. संगीतासाठी तिच्यात दोन नावं एकत्र होती, ए. आर. रहमान आणि हान्स झिमर. रहमान घराघरांत माहीत. झिमर कोण, असं आत्याने विचारलं तेव्हा मी सांगितलं, की मूळचा जर्मन आहे, हॉलिवूडच्या सिनेमांना संगीत देतो, दोन ऑस्कर आहेत त्याच्या नावावर.

“बरं, मग त्याचं एखादं गाणं म्हणून दाखव.”

“गाण्यांसाठी नाही गं ओळखत त्याला कुणी.”

“गाणी नाहीत, मग तो माणूस करतो काय?”

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे संगीतकार म्हणजे चाल लावणारा. चाल नाही तर काम काय केलं? त्यात मी पडलो त्या विचित्र जमातीतला, जी सिनेमा बाजूला ठेवून त्याच्या मागे वाजणारं संगीत तेवढं तासन्‌तास ऐकते. ही जमात जगभर आहे. दोघं भेटले की ‘सध्या काय ऐकतोयस?’ हा पहिला प्रश्न, आणि उत्तर साधारण असं: “‘जॉज’. पण जुनी एलपी नाही, सिनेमातलं मूळ ध्वनिमुद्रण.” घरच्यांना वाटतं, पोरगं हातचं गेलं.

आत्याने डोंबिवलीत तीस वर्षं ब्लाउज शिवलेत. म्हणून तिला तिच्याच धंद्यातून समजावलं. तेच इथे मांडतो.

साडी आणि ब्लाउज

आधी शब्द. पडद्यावरच्या पात्रांना जे ऐकू येत नाही आणि आपल्याला येतं, ते पार्श्वसंगीत. नायिका जिना उतरते तेव्हा व्हायोलिन वाजतात, पण तिच्या घरात व्हायोलिनवाले बसलेले नसतात. दक्षिणेत याला बीजीएम (बॅकग्राउंड म्युझिक) म्हणतात, आता आपली मुलंही तेच म्हणतात.

गाणं ही साडी. पाच-साडेपाच मीटर, काठपदर सगळं तिचं तिच्यात. कुणीही नेसावी, कपाटात घडी घालून ठेवली तरी ती साडीच. सिनेमा पडला तरी गाणी चालतात ती त्यामुळेच. पार्श्वसंगीत म्हणजे मापाचा ब्लाउज. एका विशिष्ट अंगासाठी शिवलेला, खांदा तिच्या खांद्याएवढा, बाही तिच्या दंडाएवढी. ज्या प्रसंगासाठी बेतला त्याच्यावर तो चपखल बसतो. दुसऱ्यावर घातला तर कुठेतरी चुण्या पडतात.

मग असा ब्लाउज हँगरवर टांगून त्याच्याकडे बघत बसणारी माणसं का असतात? आत्या म्हणाली, “शिवणाऱ्या बायका बघतात की. उलटा करून बघतात, शिवण कशी घातलीय ते.” निम्मं उत्तर इथेच मिळालं.

सात सेकंदांवर दार आपटतं

काम कसं चालतं ते थोडक्यात. सिनेमाचं संकलन होत आलं की दिग्दर्शक आणि संगीतकार एकत्र बसून तो बघतात. कुठे संगीत सुरू होईल, कुठे थांबेल, कुठे अजिबात नको, हे ठरतं. अशा प्रत्येक तुकड्याला ‘क्यू’ म्हणतात. तिसऱ्या रिळातला दुसरा तुकडा असेल तर त्याचा नंबर ३एम२. रिळं गेली, पण ही नंबर घालायची पद्धत राहिली.

आता माप. समजा, एका प्रसंगात संगीत सुरू झाल्यापासून बरोबर ७ सेकंदांनी दार आपटतं आणि त्याच क्षणी ढोल पडायला हवा. लय मिनिटाला १२० ठोक्यांची ठेवली तर दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका. चौदा अर्धे सेकंद झाले की सात. दार आणि ढोल एकत्र. छान. आठवड्याने संकलक निरोप पाठवतो, की नायकाचा चेहरा जरा जास्त ठेवलाय, दार आता ७.३ सेकंदांवर आपटतं. सगळं पुन्हा लिहायचं का? नाही. तेच चौदा ठोके आता ७.३ सेकंदांत पसरवायचे, म्हणजे लय १२० वरून साधारण ११५ वर आणायची. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. आत्याच्या भाषेत, कुशीतली शिवण अर्धं बोट सैल केली.

वाजवणाऱ्यांच्या कानात ही लय टिक-टिक करत सोडतात, तिला ‘क्लिक’ म्हणतात. जुन्या मुंबईत पडद्यावर रीळ चालवायचे आणि समोर वादक बसायचे. हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटांचं. या वादकांत व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेटवर गोव्याची मंडळी मोठ्या संख्येने होती. गावच्या चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली, कागद समोर ठेवला की वाचून वाजवणारी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७ मध्ये गुरूचं नाव एका गाण्यात घालून देशभर पोहोचवलं. ते नाव गुणगुणणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाटतं, की ते पटकथेतून आलं.

मापाला दिलेला जुना ब्लाउज

शिंप्याकडे गेलं की बायका माप देत उभ्या राहत नाहीत. एक जुना, नीट बसणारा ब्लाउज पुढे करतात, “हा मापाला.” सिनेमातही हेच चालतं. संकलन चालू असताना दिग्दर्शक दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमाचं किंवा एखाद्या सिम्फनीचं संगीत तात्पुरतं मागे लावून ठेवतो. त्याला ‘टेम्प’ म्हणतात. सहा महिने तेच ऐकून ऐकून त्याच्या कानात ते इतकं बसतं, की नवीन संगीत आलं तरी त्याला तोच जुना ब्लाउज हवा असतो.

‘हल्ली सगळ्या सिनेमांचं पार्श्वसंगीत सारखंच वाटतं’ अशी तक्रार नेहमी येते. तक्रार बरीचशी खरी आहे आणि तिचं मोठं कारण हा टेम्प. सगळे एकमेकांचेच ब्लाउज मापाला देताहेत.

या प्रकारात सर्वांत वाईट वेळ आली ती अ‍ॅलेक्स नॉर्थवर. स्टॅन्ली कुब्रिकच्या १९६८च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी त्याने संगीत लिहिलं, ध्वनिमुद्रित केलं. कुब्रिकने शेवटी तात्पुरतं लावलेलं शास्त्रीय पाश्चात्त्य संगीतच कायम ठेवलं. आपलं काम सिनेमात नाही हे नॉर्थला कळलं ते सिनेमा बघायला बसल्यावर. पुढे १९९३ मध्ये त्याचा मित्र जेरी गोल्डस्मिथने ते संगीत नव्याने ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केलं. ज्या सिनेमात ते कधी वाजलंच नाही त्याचं संगीत आज लोक ऐकतात. शिवला, पण कुणी घातलाच नाही असा ब्लाउज. माझ्या आवडत्या अल्बमपैकी हा एक आहे, आणि तो ऐकताना मला दर वेळी जरा राग येतो.

याच्या उलटही घडतं. इटलीच्या एन्यो मोरिकोनेने सर्जियो लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’साठी चित्रीकरणाआधीच संगीत करून ठेवलं, आणि लिओनेने ते सेटवर वाजवून नटांना त्याच्या चालीने चालायला लावलं. ब्लाउज आधी, अंग नंतर.

दोन सुरांचा खबऱ्या

एखाद्या पात्राला, जागेला किंवा भीतीला एक ठरावीक सुरावट नेमून द्यायची आणि ते जवळ आलं की ती वाजवायची, ही जुनी युक्ती. जर्मन ऑपेरातून ती सिनेमात आली. आपण तिला थीम म्हणू. चाळीत सायकलच्या घंटीवरून कोण आलं ते कळायचं, तसंच हे.

स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘जॉज’मध्ये (१९७५) जॉन विल्यम्सने शार्कला दोन सूर दिले. शेजारचे दोन सूर, खालच्या पट्टीत, आधी सावकाश, मग भरभर. एवढंच. हसू येईल इतकं साधं. पण पुढची चलाखी बघा. सिनेमात एकदा दोन पोरं शार्कच्या पाठीवर असतो तसा पुठ्ठ्याचा खोटा पर लावून लोकांना घाबरवतात. किनाऱ्यावर पळापळ होते. त्या वेळी हे दोन सूर वाजत नाहीत. विल्यम्स आपल्याशी खोटं बोलत नाही. आपल्या मनात नकळत नोंद होते, की हा खबऱ्या भरवशाचा आहे, सूर नाहीत म्हणजे शार्क नाही. आणि मग अर्ध्याहून अधिक सिनेमा झाल्यावर पोलीसप्रमुख बोटीच्या कडेला पाण्यात आमिष टाकत असताना, कुठलीही सूचना न देता, शार्क तोंड वर काढतो. सूर नाहीत! सगळं थिएटर खुर्चीतून उडतं. शांतता ही या संगीतकाराची सर्वांत मोठी चाल आहे, आणि ती आधीच्या तासाभराच्या प्रामाणिकपणावर उभी आहे.

अल्बम ऐकताना या गोष्टी दिसायला लागतात. थीम कुठे अर्धीच येते, कुठे उलटी, कुठे दुसऱ्या वाद्यावर. सिनेमा बघताना आपण शार्क बघत असतो.

‘पण चांगलं पार्श्वसंगीत लक्षात येऊ नये, असं म्हणतात ना?’

म्हणतात. मला हे अर्धवट वाटतं. आपल्या मालिकांत सासूच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा जातो आणि दर वेळी ढॅण होतं, ते लक्षात येतं आणि येऊ नये हे कबूल. पण काही वेळा संगीत पुढे येऊन उभं राहतं आणि तिथे दुसरं काहीच चाललं नसतं.

‘पथेर पांचाली’ (१९५५) घ्या. हरिहर बऱ्याच महिन्यांनी गावी परततो. घर पडलंय. तो एकेक वस्तू काढून बायकोला दाखवतो, मुलीसाठी, दुर्गासाठी, साडी आणलीय. मुलगी गेली हे त्याला माहीत नाही. सर्वजया ती साडी हातात घेते, दातांत धरते आणि कोसळते. तिचं तोंड उघडतं, पण रडणं ऐकू येत नाही. तिच्या आवाजाच्या जागी तारशहनाई वाजते, वरच्या पट्टीत, चिरत जाणारी. तारशहनाई म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, ज्याला जोडलेल्या छोट्या कर्ण्यामुळे सूर शहनाईसारखा येतो. वाजवलीय दक्षिणामोहन टागोरांनी. सिनेमाचं संगीत रविशंकरांचं आणि ते त्यांनी एकाच रात्रीच्या बैठकीत, सुमारे अकरा तासांत केलं. आता हे लक्षात येऊ नये म्हणायचं? खरं रडणं ठेवलं असतं तर ती एका बाईची गोष्ट राहिली असती.

रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक, त्याची गंमत वेगळी. ‘सायको’तल्या न्हाणीघराच्या प्रसंगाला त्याला संगीत नकोच होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही लिहिलं, फक्त तंतुवाद्यांवर, त्या किंकाळ्या सगळ्या व्हायोलिनच्या आहेत. ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं.

‘प्रसंगच समोर नसेल तर ऐकायचं काय?’

हा आक्षेप मराठी माणसाने घ्यावा याचं मला हसू येतं. आपण शंभर वर्षं दुसरं काय करतोय? ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आलं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्यातली पदं एका विशिष्ट पात्राने, विशिष्ट प्रवेशात, समोरच्याला उद्देशून म्हणायची होती. आज मैफलीच्या शेवटी गायक नाट्यपद घेतो तेव्हा तो कुठला अंक, कुणाचा मान आणि कुणाचा अपमान, हे सभागृहातल्या किती जणांना आठवतं? कुणाचं काही अडत नाही. प्रसंग गळून पडला, सुरावट राहिली. पार्श्वसंगीत ऐकणारा याहून वेगळं काही करत नाही.

आणि तुम्हीही ते करता. ‘शोले’त जय ओसरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो, समोरच्या घरात राधा एकेक दिवा मालवत जाते. ती सुरावट डोळे मिटून आठवा. आली ना? ते गाणं नाही. कुठल्याच कवीने त्यावर शब्द लिहिलेले नाहीत. संगीत राहुल देव बर्मन यांचं, माउथ ऑर्गन भानू गुप्तांचा. तुम्ही पन्नास वर्षं एक क्यू गुणगुणताय.

‘मग आपल्या सिनेमांचं असं वेगळं ऐकायला का मिळत नाही?’

कारण बाजार गाण्यांचा होता. तबकडी असो नाहीतर कॅसेट, कंपनी पैसे मोजायची ते गाण्यांचे. पार्श्वसंगीत सिनेमाच्या मागे मिसळून टाकलं की काम संपलं, त्याचा वेगळा टेप जपून ठेवायचं कुणाला कारण नव्हतं. ‘शोले’च्या संवादांची तबकडी निघाली, ती गणपतीच्या मांडवात लाउडस्पीकरवर वाजली, आणि त्या संवादांच्या मागे लपून पार्श्वसंगीत घराघरांत गेलं. चोरवाटेनेच म्हणायचं. परळच्या राजकमल स्टुडिओत मंगेश देसाई हे सगळे आवाज एकत्र मिसळायचे. संवाद कुठे वर घ्यायचा, व्हायोलिन कुठे खाली दाबायची, हे त्या माणसाच्या बोटांत होतं. त्यांचं नाव सिनेमावाल्यांत आदराने घेतात, बाहेर फारसं कुणाला माहीत नाही.

मोजके अपवाद आहेत. मुंबईच्या टोळ्यांवरच्या ‘सत्या’त (१९९८) गाणी विशाल भारद्वाज यांची आणि पार्श्वसंगीत संदीप चौटा यांचं, आणि या पार्श्वसंगीताचा स्वतंत्र अल्बम निघाला. राष्ट्रीय पुरस्कारांत २००९ सालच्या चित्रपटांपासून गाण्यांचा आणि पार्श्वसंगीताचा सन्मान नियमितपणे वेगवेगळा होऊ लागला. त्या वर्षी पार्श्वसंगीताचा पुरस्कार इलैयाराजांना मिळाला. मराठीत नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आठवला की लोकांना अजय-अतुल यांचं प्रसिद्धीसाठी केलेलं गाणं आठवतं. सिनेमाचं पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं आहे, हे नाव किती जणांनी ऐकलंय?

अल्बम नाही म्हणून आपल्याकडचे चाहते स्वतःच उद्योग करतात. घरच्या मोठ्या स्पीकर-संचासाठी सिनेमाचा आवाज सहा वाहिन्यांत विभागलेला असतो. संवाद बहुतेक मधल्या वाहिनीत, संगीत डाव्या-उजव्या आणि मागच्या. मधली वाहिनी बंद करायची, उरतं ते संगीत. अगदी शुद्ध मिळत नाही, मध्येच पाऊस पडतो, कुणाची तरी मोटार सुरू होते. कायद्याने हे कितपत बसतं याबद्दल ही मंडळी फार बोलत नाहीत.

परदेशातला घोळ निराळा. अमेरिकेत सिनेमासाठी वाजवलेलं संगीत तबकडीवर घालायचं तर वादकांना पुन्हा पैसे द्यावे लागायचे. त्यामुळे जुने अल्बम अर्ध्या-पाऊण तासाचे, निवडक. ‘जॉज’ची १९७५ची एलपी तर विल्यम्सने मुद्दाम पुन्हा वेगळी वाजवून घेतली होती, सिनेमात वाजलेलं मूळ ध्वनिमुद्रण बाजारात यायला बरीच वर्षं गेली. म्हणून चाहते आवृत्ती विचारतात. तो शिष्टपणा वाटतो खरा, थोडा असतोही.

सुरुवात करायची तर

पाच-सहा वेळा बघितलेला सिनेमा घ्या. न बघितलेल्याचा अल्बम सुरुवातीला घेऊ नका. आवडता प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून फक्त ऐका. नंतर अल्बम. अभ्यास करताना मागे लावायला म्हणून ऐकलंत तरी माझी हरकत नाही, पण मग त्यातला शांत भाग तुमच्या हाती लागत नाही.

आत्याला मी झिमरचंच दिलं, ‘इंटरस्टेलर’. क्रिस्टोफर नोलनने त्याला सिनेमा अंतराळाचा आहे हे सांगितलंच नव्हतं. बाप आणि मूल यांच्याबद्दलचा एक पानभर मजकूर दिला आणि म्हणाला, यावर काहीतरी कर. माप न घेता शिवायला दिलेला ब्लाउज! त्यातला ऑर्गन लंडनच्या टेम्पल चर्चमधला आहे, बाराव्या शतकातलं चर्च, आणि वाजवणारा तिथलाच ऑर्गनवादक. नळ्यांतून हवा जाते तेव्हा दम घेतल्यासारखं काहीतरी होतं, ते कान देऊन ऐक, एवढं तिला सांगितलं.

आठवड्याने फोन आला. मशीन चालू असलं की हळू भाग काही केल्या ऐकू येत नाही, आणि एकदम मोठं होतं तेव्हा दचकून शिवण वाकडी जाते, दोन बाह्या उसवाव्या लागल्या म्हणे. आता ती ते हुक आणि काज करायला बसते तेव्हाच लावते.